अंगात येणे आणि अंगी बाणणे

दिवाळी तोंडावर आली की किनवट तालुक्यातल्या गोंड गावांत दंडारी निघते. पैनगंगेच्या खोऱ्यातला हा सागवानी जंगलाचा पट्टा नांदेड जिल्ह्याच्या टोकाला आहे. त्याला लागूनच तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा सुरू होतो. दंडारीच्या पथकात घुसाडी असतो: डोक्यावर मोरपिसांचा भलामोठा टोप, उघड्या अंगाला राख, खांद्यावर कातडे, कमरेला घुंगरे, हातात काठी. सण चालू असेतोवर तो अंघोळ करत नाही. तेवढे दिवस गावही त्याच्याकडे रोजचा शेजारी म्हणून पाहत नाही. त्याच्या ठायी देव वावरतो असे मानतात, दुखणेकरी माणसे त्याच्या काठीचा स्पर्श मागतात. पथक या गावाहून त्या गावाला जाते, रात्रभर नाच चालतो, यजमान गाव पाहुण्यांना जेवू घालते आणि त्या मुक्कामात सोयरिकींच्या गोष्टीही निघतात. सण सरला की पूजा होते, टोप उतरतो आणि घुसाडी आपल्या कापसाच्या रानात परत जातो.

या परंपरेचे शेजारच्या आदिलाबादेतले रूप अभ्यासकांना जुन्या काळापासून ठाऊक आहे. ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हाइमेनडॉर्फ 1940च्या दशकात तिथल्या मारलावई गावात राहिले. गोंडांची दैवते, कुळांच्या कथा आणि विधी त्यांनी बारकाईने नोंदवले आणि 1948 साली ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. किनवट त्या काळी हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यातच होते. 1956च्या राज्यपुनर्रचनेत ते नांदेडला जोडले गेले. नकाशावरची रेघ सरकली, नाती मात्र दोन्ही बाजूंना तशीच राहिली. मारलावईचेच घुसाडी कलावंत कनका राजू यांना 2021 साली पद्मश्री मिळाली.

टोप उतरवलेल्या माणसाचे पुढे काय होते? काही दिवस त्याने स्वतःचे नेहमीचे ‘मी’पण बाजूला ठेवलेले असते, लोकांची दुखणी आणि आशा अंगावर घेतलेल्या असतात. त्यातले काही त्याच्या स्वभावात मुरते का? तो घरच्यांशी अधिक मायेने वागतो का? की सण संपतो तसा तो अनुभवही संपतो?

हाच प्रश्न गेल्या दोन दशकांत बाल्टिमोर, झुरिक आणि लंडनच्या प्रयोगशाळांत वेगळ्या रीतीने विचारला जात आहे. तिथे मोरपिसांऐवजी गोळी असते, ढोलाऐवजी कानाला लावलेले संगीत असते आणि देवाऐवजी सायलोसायबिन किंवा एलएसडी नावाचे रसायन असते. त्या रसायनांनी काही तासांसाठी माणसाचे भान बदलते हे निर्विवाद आहे. त्यानंतर व्यक्तिमत्त्व बदलते का आणि दुसऱ्याचे दुःख जाणण्याची शक्ती वाढते का, हा या प्रस्तावनेचा विषय आहे.

दोन गोष्टी आरंभीच वेगळ्या करायला हव्यात. दंडारीत सायलोसायबिन किंवा एलएसडीसारखे, म्हणजे सायकेडेलिक, द्रव्य नसते. मोहाची दारू गोंडांच्या पूजेत असते, देवाला तिचा नैवेद्य दाखवतात, पण मोहाच्या फुलांतून उतरते ते अल्कोहोल. मेंदूवर त्याची क्रिया निराळी आहे. घुसाडीची अवस्था लय, जागरण, व्रत, वेश आणि भोवतीच्या माणसांची श्रद्धा यांतून घडते. म्हणून या दोन गोष्टींची तुलना रसायनांची नाही. ‘मी’ची सीमा काही काळ सैल झाल्यावर माणसाचे काय होते, एवढ्यापुरतीच ती आहे.

आता प्रयोगशाळेकडे.

स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात सांडोझ कंपनीत काम करणारे रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन यांनी 1938 साली एलएसडी तयार केले. त्याचा मनावरचा परिणाम मात्र त्यांना एप्रिल 1943मध्ये स्वतःच्या अनुभवातून कळला. मेक्सिकोतल्या माझातेक लोकांच्या विधींत वापरल्या जाणाऱ्या अळंब्यांमधून 1958 साली सायलोसायबिन वेगळे काढले तेही त्यांनीच. या द्रव्यांची मुख्य क्रिया मेंदूतल्या सेरोटोनिनच्या एका विशिष्ट ग्राहकावर होते. त्याचे शास्त्रीय नाव ‘फाइव्ह-एचटी-टू-ए’. हा ग्राहक आधीच दुसऱ्या औषधाने बंद करून ठेवला तर एलएसडीचा मनावरचा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. झुरिकमधल्या संशोधकांनी 2017 साली हे दाखवले. त्याच प्रयोगात एक अर्थपूर्ण गोष्ट पुढे आली. ज्या गाण्यांशी सहभागींचे काही नाते नव्हते, ती गाणीही एलएसडीच्या अमलाखाली त्यांना स्वतःसाठी महत्त्वाची वाटू लागली. म्हणजे हे द्रव्य समोर असलेल्या गोष्टीचा अर्थ गडद करते. समोर काय आणि कोण असेल, हे ते ठरवत नाही. पुढची सगळी चर्चा या एका निष्कर्षावर उभी राहते.

आधुनिक संशोधनाची नवी लाट सुरू झाली ती बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या रोलंड ग्रिफिथ्स यांच्या 2006च्या अभ्यासापासून. पूर्वी अशी द्रव्ये कधीही न घेतलेले, धार्मिक किंवा आध्यात्मिक साधनेत रस असलेले 36 प्रौढ स्वयंसेवक त्यांनी निवडले. प्रत्येकाला वेगवेगळ्या दिवशी सायलोसायबिन आणि तुलनेसाठी मेथिलफेनिडेट हे उत्तेजक दिले गेले. खोली दिवाणखान्यासारखी सजवलेली होती, आठ तास सोबतीला प्रशिक्षित माणसे होती आणि त्याआधी कित्येक तास ओळख व तयारी झालेली होती. दोन महिन्यांनी विचारले असता सुमारे दोन तृतीयांश लोकांनी तो दिवस आयुष्यातल्या सर्वांत अर्थपूर्ण पाच अनुभवांत गणला. त्याच अभ्यासात 36पैकी 11 जणांना त्या तासांत तीव्र भीती वाटली होती, हेही तितक्याच ठळकपणे सांगितले पाहिजे. सोबतीच्या माणसांमुळे ती भीती निभावली गेली.

व्यक्तिमत्त्वाचा प्रश्न 2011 साली कॅथरीन मॅकलीन यांनी याच संस्थेतल्या 52 सहभागींच्या माहितीवरून तपासला. मानसशास्त्रज्ञ व्यक्तिमत्त्वाचे पाच मोठे पैलू मानतात: अनुभवांविषयीचा खुलेपणा, कर्तव्यनिष्ठा, बहिर्मुखता, मनमिळाऊपणा आणि भावनिक अस्थिरता. तिशीनंतर हे पैलू फार हळू बदलतात आणि वय वाढते तसा खुलेपणा थोडा कमीच होत जातो. मॅकलीन यांना आढळले की ज्यांना सत्रात संपूर्ण गूढ अनुभव आला, म्हणजे सर्वांशी एकरूपता, काळाचे भान सुटणे, पावित्र्याची जाणीव, त्यांचा खुलेपणा वाढला आणि वर्षभरानंतरही तो आधीपेक्षा अधिक राहिला. ज्यांना तसा अनुभव आला नाही, त्यांच्यात हा बदल दिसला नाही. द्रव्य दोघांनीही घेतले होते, फरक अनुभवात होता.

या निष्कर्षाच्या बातम्या जगभर झाल्या. त्यात एक ओळ मात्र मागे पडली. उरलेल्या चार पैलूंमध्ये लक्षणीय बदल नव्हता. मनमिळाऊपणाच्या पैलूत परोपकार, हळवेपणा, दुसऱ्यावर विश्वास या गोष्टी मोजल्या जातात, आणि नेमका तोच पैलू जागचा हलला नव्हता. खुल्या मनाचा माणूस नवे विचार, कला, कल्पना यांना सहज सामोरा जातो. तो शेजाऱ्याच्या आजारपणात रात्र जागवेलच, असे त्यावरून म्हणता येत नाही.

नैराश्याच्या रुग्णांचे चित्र थोडे वेगळे आहे. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमध्ये औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या 20 रुग्णांना मानसोपचाराच्या आधारासह सायलोसायबिन दिले गेले. डेव्हिड एरित्सो आणि सहकाऱ्यांनी 2018 साली त्यांच्या व्यक्तिमत्त्वाची मोजणी प्रसिद्ध केली. तीन महिन्यांनी भावनिक अस्थिरता कमी आणि बहिर्मुखता व खुलेपणा अधिक दिसला. मात्र या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. शिवाय नैराश्य उतरले की माणूस घराबाहेर पडतो, बोलतो, हसतो, त्यामुळे स्वभाव बदलला की आजार सरला हे वेगळे काढणे कठीण होते.

समानुभूतीवरचा, म्हणजे दुसऱ्याचे दुःख जाणण्याच्या शक्तीवरचा, सर्वांत नेटका प्रयोग झुरिकचाच, 2017 सालचा, थॉमस पोकोर्नी आणि सहकाऱ्यांचा. 32 निरोगी माणसांना भावनांनी भरलेल्या प्रसंगांतल्या माणसांची छायाचित्रे दाखवली. पहिला प्रश्न: या माणसाला काय वाटत असेल? दुसरा प्रश्न: त्याच्यासाठी तुम्हांला किती वाटते? सायलोसायबिनच्या अमलाखाली दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे बदलली, सहभागींना समोरच्या माणसाविषयी अधिक वाटू लागले. पहिल्या प्रश्नात सुधारणा झाली नाही. नैतिक पेचाच्या प्रसंगांत त्यांनी दिलेले निर्णयही पूर्वीसारखेच राहिले. बाझलच्या संशोधकांनी एलएसडीवर केलेल्या अभ्यासात तर सहवेदना वाढत असतानाच समोरच्या चेहऱ्यावरची भीती ओळखण्याची क्षमता घटलेली आढळली.

समानुभूतीचे दोन पदर इथे वेगळे पडतात. एक पदर मन भरून येण्याचा, दुसरा समोरच्याला नेमके समजून घेण्याचा. अमलाखाली पहिला फुगतो, दुसरा आपोआप मागे येत नाही. ज्या घरात मानसिक आजाराचा माणूस आहे किंवा ज्या गावात कर्जाने खचलेला शेतकरी आहे, तिथे नुसते मन भरून येणे पुरत नाही. त्याचे काय बिनसले आहे, तो काय लपवतो आहे आणि कधी गप्प बसून ऐकायचे, हेही कळावे लागते.

अनुभवाने स्वभाव पालटतो या दाव्याची सर्वांत मोठी परीक्षा साठच्या दशकात एका तुरुंगात झाली. हार्वर्ड विद्यापीठातले टिमथी लिअरी आणि सहकाऱ्यांनी 1961 ते 1963 या काळात मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या कॉन्कर्ड येथील कारागृहात कैद्यांना गटचर्चेसोबत सायलोसायबिन दिले. सुटल्यावर हे कैदी पुन्हा तुरुंगात येण्याचे प्रमाण बरेच घटले, असे लिअरींनी जाहीर केले. 1998 साली रिक डॉब्लिन यांनी जुन्या नोंदी उघडून हिशेब पुन्हा मांडला. लिअरींनी आपल्या कैद्यांचे थोड्या महिन्यांचे आकडे इतरांच्या कितीतरी दीर्घ काळाच्या आकड्यांशी ताडून पाहिले होते. सारखा काळ घेतल्यावर फरक उरला नाही. डॉब्लिन स्वतः या द्रव्यांच्या वैद्यकीय वापराचे खंदे पुरस्कर्ते असल्यामुळे त्यांच्या या निष्कर्षाला वजन आहे. त्यांनी काढलेला धडा असा: कैदी बाहेर पडल्यावर त्याला धरून ठेवणारा गट, काम आणि भेटीगाठी यांचा आधार नसेल, तर आतला अनुभव कितीही खोल असला तरी तो टिकत नाही.

महाराष्ट्रात हे शहाणपण दुसऱ्या वाटेने आले. डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने 1986 साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तिथे सायकेडेलिक द्रव्यांचा संबंध नाही, माणूस कसा बदलतो आणि बदललेला कसा राहतो याचा आहे. व्यसनातून उठलेला माणूसच तिथे दुसऱ्याचा हात धरतो, घरच्यांना उपचारात सामील करून घेतले जाते आणि केंद्रातून बाहेर पडल्यानंतरचा पाठपुरावा हा उपचाराचाच भाग मानला जातो.

उलट दिशेचे उदाहरणही डोळ्यांआड करता येत नाही. 20 मार्च 1995 रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन हा विषारी वायू सोडणारा ओम शिनरिक्यो पंथ आपल्या अनुयायांना दीक्षाविधीत एलएसडी देत असे. ‘मी’ची सीमा तिथेही सैल होत होती. मोकळ्या झालेल्या त्या जागेत गुरूची आज्ञा शिरली. अनोळखी गाण्यालाही अर्थ देणारे रसायन क्रूर आज्ञेलाही अर्थ देऊ शकते.

म्हणून पुन्हा अनुभवाच्या भोवतालाकडे, माणसांकडे आणि किनवटच्या परिसराकडे यावे लागते.

किनवटच्या शेजारी माहूर आहे. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेली रेणुकामाता, दत्तशिखर, अनसूया आणि महानुभाव पंथाचे देवदेवेश्वर मंदिर अशी अनेक पंथांची दैवते तिथल्या डोंगरांवर आहेत. नवरात्रात संबळ घुमू लागला की गर्दीतल्या एखाद्या बाईच्या अंगात येते. मराठवाड्यातल्या अनेक गावांत मोहरमच्या सवाऱ्या उठतात तेव्हाही भोवती हिंदू-मुसलमान दोन्ही असतात आणि सवारी धरणाऱ्याच्या अंगात आल्याचे मानले जाते. या सर्व प्रसंगांत अंगात आलेली व्यक्ती एकटी नसते. तिला सावरणारे हात, पाणी देणारे, केस बांधणारे, काय मागते आहे ते विचारणारे लोक जवळ असतात.

या भोवतीच्या माणसांच्या शरीरातही काही घडते, याचा पुरावा स्पेनमधल्या सान पेद्रो मान्रिके या खेड्यातून आला. तिथे दरवर्षी जूनमध्ये निखाऱ्यांवरून चालण्याचा विधी होतो. इवाना कॉन्व्हालिंका, दिमित्रिस क्सिगालातास आणि सहकाऱ्यांनी चालणाऱ्यांच्या व पाहणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके नोंदवले. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार निखाऱ्यांवरून चालणारा आणि त्याचे नातलग व स्नेही यांच्या ठोक्यांची चढउतार एकमेकांशी जुळत होती. बाहेरून आलेल्या अनोळखी प्रेक्षकांत ती जुळत नव्हती. मुलगा आगीवर आणि काळीज आईचे धडधडते, हे यंत्राने टिपले.

याच्याही पुढे जाणारी नोंद महाराष्ट्रातलीच आहे. ब्रिटनमध्ये काम करणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञ व्हिएडा स्कल्टान्स यांनी महाराष्ट्रातल्या एका महानुभाव मंदिरात मानसिक आजारी माणसांना घेऊन मुक्कामी आलेल्या कुटुंबांचा अभ्यास केला आणि 1987 साली तो ‘मॅन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आजारी असायचा नवरा किंवा मुलगा, पण आरतीच्या वेळी अंगात यायचे ते त्याच्याबरोबर आलेल्या बायकोच्या किंवा आईच्या. घरातली पीडा आपल्यावर यावी आणि आपल्या माणसाने बरे व्हावे, अशी त्या स्त्रियांची धारणा होती.

दुसऱ्याचे दुःख स्वतःच्या देहात घेण्याचे याहून थेट उदाहरण क्वचितच मिळेल. इथे समानुभूती अनुभवाच्या आधी हजर आहे. ती बाई आपल्या माणसासाठी महिनोन्महिने घर सोडून मंदिराच्या ओवरीत राहते आहे, त्याला जेवू घालते आहे, सांभाळते आहे, आणि त्या काळजीचे टोक म्हणून तिच्या अंगात येते. प्रयोगशाळा विचारते, अनुभवातून माया निर्माण होते का. या मंदिरात मायेतून अनुभव निर्माण होताना दिसतो. आणि याच नोंदीत एक टोचणारे सत्यही आहे: घरातल्या आजाराचा भार आणि दोष दोन्ही बाईनेच उचलायचे, ही अपेक्षा. तिच्या त्यागाचा गौरव करताना तिच्यावर झालेला अन्याय झाकला जाऊ नये.

अंगात येण्याचा बाजार मांडणारेही आपल्याकडे कमी नाहीत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी त्याविरुद्ध आयुष्य वेचले. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. अतींद्रिय शक्ती अंगात संचारल्याचे भासवून लोकांच्या मनात भीती निर्माण करणे किंवा त्यांना धमकावणे हा या कायद्याने गुन्हा आहे. कायद्याने रेघ ओढली आहे ती भीतीपाशी. या विषयाकडे पाहण्याची ती योग्य जागा आहे, कारण ज्या अनुभवाने माणसे भयभीत किंवा अंकित होतात, त्याला करुणेचा अनुभव म्हणता येत नाही.

सायकेडेलिक द्रव्ये आणि अध्यात्म यांच्यावरचा एक मोठा वाद महाराष्ट्राच्या मातीतही झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पुण्यात 1894 साली जन्मलेले आध्यात्मिक गुरू मेहेरबाबा 10 जुलै 1925पासून मौनात होते. अहमदनगरजवळ, म्हणजे आजच्या अहिल्यानगरजवळ, मेहेराबाद आणि मेहेराझाद इथे त्यांचे वास्तव्य असे. 1965 साली रॉबर्ट ड्रायफस नावाचा अमेरिकन तरुण एलएसडीच्या अनुभवांचे ओझे घेऊन मेहेराझादला पोहोचला. परत जा आणि ही द्रव्ये अपायकारक आहेत हे लोकांना सांग, असा निरोप त्याला मिळाला. हार्वर्डमध्ये लिअरींच्या वर्तुळात वावरलेले मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन कोहेन यांच्याशीही बाबांचा पत्रव्यवहार झाला. 1966 साली बाबांची भूमिका ‘गॉड इन अ पिल?’ या पुस्तिकेत छापली गेली. मृगजळ पाण्यापासून जितके दूर, तितकाच गोळीतून येणारा अनुभव सत्यापासून दूर आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वेळी जुने मद्यपान, तीव्र नैराश्य आणि मानसिक आजार यांत डॉक्टरांच्या देखरेखीखाली एलएसडीचा उपयोग होऊ शकतो, हेही त्यांनी मान्य केले होते. आज लंडन आणि बाल्टिमोरमध्ये नेमक्या याच आजारांवर प्रयोग होत आहेत.

मेहेरबाबांना हे बोलण्याचा अधिकार कुठून आला, याचे उत्तर त्यांच्या कामात आहे. कोणतेही द्रव्य न घेता ईश्वरवेडात हरवलेल्या, रस्त्यावर पडलेल्या, लोकांनी वेडे ठरवलेल्या ‘मस्त’ लोकांचा शोध त्यांनी वर्षानुवर्षे भारतभर घेतला. 1936 साली राहुरीला त्यांनी वेडे आणि मस्त यांच्यासाठी आश्रम चालवला. त्या माणसांना ते स्वतःच्या हाताने अंघोळ घालत, त्यांची दाढी करत, त्यांना भरवत. ब्रिटिश डॉक्टर विल्यम डॉंकिन यांनी या भ्रमंतीची नोंद ‘द वेफेअरर्स’ या 1948च्या ग्रंथात केली आहे. भान हरपलेला माणूस आणि त्याची सेवा करणारा माणूस या दोघांना शेजारी उभे करून पाहण्याची सोय हा ग्रंथ करून देतो.

या विषयाची ओळख करून देताना धोक्याबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे. भारतात एलएसडी आणि सायलोसायबिन 1985च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतात. एलएसडीचा एक दशांश ग्रॅमपेक्षा जास्त साठादेखील व्यापारी प्रमाण ठरतो आणि त्याला किमान दहा वर्षांची शिक्षा आहे. ज्यांच्या घराण्यात स्किझोफ्रेनियासारखा आजार आहे त्यांना अशा प्रयोगांतून आधीच वगळतात, कारण त्यांच्यात ही द्रव्ये तो आजार उफाळून आणू शकतात. मराठवाड्यात प्रत्येक बांधावर उगवणाऱ्या धोतऱ्याचा तर या द्रव्यांशी संबंधच जोडू नये. धोतऱ्यातले अ‍ॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन मेंदूतल्या वेगळ्याच रसायनाला अडवतात. त्यातून येतो तो भ्रम, तोंडाला कोरड, तापलेले अंग, वाढलेले ठोके आणि कधी मृत्यू. एकरूपतेचा अनुभव तिथे नसतो. वैद्यकीय वापराला परदेशांतही सावकाशच परवानगी मिळते आहे. ऑस्ट्रेलियाने जुलै 2023पासून ठराविक मनोविकारतज्ज्ञांना सायलोसायबिन व एमडीएमए हे मनावर परिणाम करणारे आणखी एक द्रव्य मोजक्या आजारांवर लिहून देण्याची मुभा दिली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट 2024मध्ये आघातोत्तर तणावावरच्या एमडीएमए उपचाराला मंजुरी नाकारली आणि आणखी पुरावा मागितला.

पुरावा मागण्याची ही सवय या क्षेत्राला फार गरजेची आहे. सहभागीला आपण खरे द्रव्य घेतले हे अर्ध्या तासात कळते, त्यामुळे अपेक्षेचा परिणाम वेगळा काढणे अवघड जाते. स्वयंसेवक बहुधा शिकलेले, साधनेत रस असलेले आणि मुळातच खुल्या मनाचे असतात. आपण किती दयाळू झालो, याचे उत्तर ते स्वतःच लिहितात. खुलेपणाच्या प्रश्नावल्या कला, कविता, तात्त्विक चर्चा यांच्या आवडीबद्दल विचारतात. गोंडी किंवा कोलामी बोलणाऱ्या, रात्रभर दंडारीत ढोल वाजवणाऱ्या माणसाचा खुलेपणा त्या मापात कसा बसवायचा, याचा विचार त्या बनवणाऱ्यांनी केलेला नव्हता.

ग्रिफिथ्स यांच्या 2006च्या अभ्यासातला एक तपशील या अडचणीतून वाट दाखवतो. प्रत्येक स्वयंसेवकाच्या रोजच्या संपर्कातली तीन माणसे, म्हणजे घरचे, मित्र किंवा सहकारी, आधीच ठरवून ठेवली होती. सत्रानंतर दोन महिन्यांनी त्यांना फोन करून विचारले गेले की हा माणूस अधिक संयमी झाला का, अधिक समजून घेतो का, चिडचिड कमी झाली का. त्यांनी सांगितलेला बदल चांगल्या दिशेचा होता, पण लहान होता. सहभागींच्या स्वतःच्या वर्णनातली भव्यता त्यात नव्हती.

अशी मोजणी माहूरच्या नवरात्रानंतर, मोहरमच्या सवाऱ्यांनंतर किंवा किनवटच्या गोंड पाड्यांवर सहज करता येईल. त्यासाठी कोणतेही द्रव्य लागत नाही आणि कोणताही कायदा मोडत नाही. लागतील ती गोंडी, कोलामी, गोरमाटी आणि मराठी बोलणारी, गावात आधीपासून विश्वास मिळवलेली माणसे. बायको, सासू, सालगडी, शेजारी यांना विचारायचे प्रश्न त्यांनी गावकऱ्यांसोबत बसून तयार करायचे: आजाऱ्याजवळ कोण बसते, भांडण झाल्यावर आधी कोण बोलते, उसनवारी करताना आवाज कसा असतो. हे प्रश्न सणाच्या आधी एकदा, दोन महिन्यांनी पुन्हा आणि वर्षाने तिसऱ्यांदा विचारायचे. पुढच्या पानांकडे वळणाऱ्या वाचकाने प्रयोगशाळेतला प्रत्येक दावा वाचताना हीच चौकशी बरोबर ठेवावी: हे कोणी सांगितले, किती दिवसांनी सांगितले आणि त्याच्या घरच्यांना कोणी विचारले का.